सुपरवायझरचा शब्द आणि युनियनची पावती

पत्र:

अक्का, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. अकरा वर्षं झाली, कायम आहे. गाव शिये. पाच महिन्यांपासून ऑर्डरी कमी झाल्यात, आठवड्याला चारच दिवस काम. बाकी दोन दिवसांचं काहीच मिळत नाही. ओव्हरटाइम बंद. पूर्वी हातात बावीस-तेवीस हजार यायचे, आता बाराच्या पुढं जात नाहीत. पतसंस्थेचं घराचं कर्ज आहे, पोरगी आठवीत, पोरगा चौथीत. युनियनची वर्गणी महिन्याला शंभर रुपये, त्यात आता वकिलाच्या खर्चासाठी हरेकी हजार मागितलेत. बायको म्हणते, युनियननं काय ऑर्डरी आणून दिल्या काय? परवा सुपरवायझरनं बाजूला घेतलं. म्हणाला, 'भावा, माणसं कमी करायची यादी निघणाराय. युनियनमधनं नाव काढून घे, तुझं मी बघतो.' ऑफिसच्या मर्जीतली चार माणसं दुसरी युनियन काढायला लागलीत असंपण कानावर आहे. आम्ही सगळे मिळून एकशेऐंशी. आणि करार झाला तर सगळ्यांनाच लागू होतो म्हणतात, मग मी वर्गणी नाही भरली तर काय बिघडतं? नाव काढलं तर मित्रांना फसवल्यासारखं वाटतंय. पण घरचं बघू का मित्रांचं? काय करू ते सांगा.

उत्तर:

नाव काढून घेऊ नकोस. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण तुझं पत्र रात्री जागून लिहिलेलं आहे हे अक्षरावरूनच कळतंय, आणि जागणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नये. आता असं का म्हणते ते सावकाश सांगते. बायकोलाही जवळ बसवून वाच. तिचा प्रश्न तुझ्यापेक्षा नेमका आहे आणि त्याला हिशेबानंच उत्तर द्यायला हवं.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात मोल्डर होते, म्हणजे साचे करायचे. ऑइल इंजिनांचे भाग ओतायचे. मी नववीत असताना कारखान्याचं काम आटलं. मालकांनी वडिलांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही आमच्या घरातले, युनियनच्या नादाला लागू नका, तुमची काळजी माझ्यावर. वडिलांनी वर्गणी बंद केली. हे मालक वाईट नव्हते, मुद्दाम सांगते. दिवाळीला त्यांच्या घरून आमच्याकडे फराळाचा डबा यायचा. चार महिन्यांनी त्यांनी वडिलांना पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा लिहून द्या, काम वाढलं की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावतो. वडील एकटे होते. समोर मालक, बाजूला कारकून, टेबलावर कागद. सही केली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात युनियनच्या सात जणांना कमी केलं. त्यांच्याकडूनही राजीनामे मागितले होते, पण ते सातही जण युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन केबिनमध्ये गेले आणि कुणीच सही केली नाही. त्यामुळे मालकांना त्यांना रीतसर कमी करावं लागलं. एका महिन्याच्या नोटिशीचा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. वर्षभरात कारखाना मालकांच्या भावाच्या हातात गेला. दीड वर्षानं काम वाढलं तेव्हा त्या सातातले पाच जण परत आत गेले, कारण नवीन भरती करताना आधी कमी केलेल्या माणसांना बोलवावं लागतं असं तेव्हाचा कायदाच सांगत होता आणि युनियननं तो कागद नव्या मालकांपुढे ठेवला. वडिलांनी मात्र कागदावर स्वतःहून नोकरी सोडली होती. त्यांना ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली, तीही दोन वर्षं खेटे घालून. जुन्या मालकांनी दिलेला शब्द खरा होता असं मला अजूनही वाटतं. पण तो त्यांच्याबरोबरच कारखान्यातून निघून गेला. तुझा सुपरवायझर तर मालकही नाही. 'तुझं मी बघतो' म्हणणारा तो स्वतः यादीत आहे की नाही, हे त्याला तरी माहीत आहे का?

पुढे मी सव्वीस वर्षं कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलांकडे टायपिंगला होते. नोटिसा, करार, तक्रारअर्ज, भरपाईचे तक्ते, सगळं माझ्या हाताखालून गेलं. एकट्यानं आलेल्या माणसाचे कागद आणि युनियनमार्फत आलेल्या माणसाचे कागद यांतला फरक मला टाइप करतानाच दिसायचा. एकट्या माणसाकडे बहुतेक वेळा कागदच नसायचा. असायची ती आठवण. साहेब असं म्हणाले होते, तसं म्हणाले होते.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. 'बाकी दोन दिवसांचं काहीच मिळत नाही.' हे मी तीनदा वाचलं. तू ते सहज लिहून गेलास, पण तुझ्या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. ते दोन दिवस मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, काय म्हणून लागतात? गैरहजर? बिनपगारी रजा? की ले-ऑफ?

काम नाही म्हणून कंपनी कामगाराला बसवते, तेव्हा त्याला ले-ऑफ म्हणतात. ज्या कारखान्यात 50 किंवा त्याहून जास्त कामगार आहेत, तिथे मस्टरवर नाव असलेल्या आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या बदली कामगाराला किंवा तात्पुरत्या, कॅज्युअल कामगाराला हे नाही, पण तू कायम आहेस. ही तरतूद 1953 सालापासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या, त्यांतही ती कायम आहे. म्हणजे दोन दिवसांचं 'काहीच' मिळत नसेल, तर एक तर ते दिवस मस्टरवर भलत्याच नावानं लागतायत किंवा कुणी मागितलेलं नाही.

बायकोसाठी हिशेब मांडते. समज, तुझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,300 रुपये आहे. 26 दिवसांनी भागलं तर रोजचे 550. निम्मे 275. आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्याला साधारण आठ. आठ गुणिले 275, झाले 2,200 रुपये. पाच महिन्यांचे 11,000. तुझे खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण रक्कम याच घरातली. आता याच्यासमोर महिन्याची शंभर रुपये वर्गणी ठेव आणि वकिलाचे हजार ठेव. युनियननं ऑर्डरी आणल्या नाहीत हे खरं आहे. ऑर्डरी आणणं तिचं काम नव्हे. ऑर्डरी नसताना तुझ्या घरात जे पैसे यायला हवेत ते येतायत का, हे विचारणं तिचं काम आहे, आणि ती विचारत नसेल तर तुला तिच्याशीही भांडावं लागेल. त्याबद्दल पुढे बोलते.

ले-ऑफबद्दल आणखी दोन गोष्टी मनात पक्क्या ठेव. पहिली, त्या दिवशी नेमलेल्या वेळेला एकदा गेटवर जाऊन हजेरी लावावी लागते, नाहीतर हक्क जातो. 'येऊ नका, घरीच थांबा' असं तोंडी सांगितलं असेल तर ते लेखी मागा. एकट्यानं मागितलंस तर तू आगाऊ ठरशील. दीडशे जणांच्या वतीनं युनियननं पत्र दिलं तर तो व्यवहार ठरतो. दुसरी गोष्ट सह्यांची. बारा महिन्यांत ले-ऑफचे 45 दिवस झाले की त्यापुढच्या दिवसांचे पैसे न देण्याची सोय कायद्यात आहे, पण तसा करार कामगारांनी केलेला असेल तरच. महिन्याला आठ दिवस धरले तर सहाव्या महिन्यात तुमचे 45 दिवस भरतात. तुला पाच महिने झालेत. येत्या काही आठवड्यांत कुणीतरी एखादा कागद पुढे करेल आणि 'फॉर्म्यालिटी आहे, सही करा' म्हणेल. मला त्या कागदाची फार भीती वाटते. युनियनला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. राजीनाम्यावर तर मुळीच नको, तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर त्याहून नको.

आता तुझ्या बायकोच्या म्हणण्यामागचा मोठा प्रश्न. अडचणीच्या काळात आधी काय कापायचं? वर्गणी कापावीशी वाटते हे मला कळतं. केबल कापली, मोबाइलचा रिचार्ज लहान केला, भिशी थांबवली, मग वर्गणीच तेवढी का ठेवायची? पण मी उलटं बघते. काम जोरात असतं तेव्हा शिरोलीत चांगल्या मोल्डरला युनियन नसली तरी चालून जातं. या गेटवर पटलं नाही तर गोकुळ शिरगावला जा, कागलला पंचतारांकित एमआयडीसीत जा, लोक हातात हात देऊन नेतात. तेव्हा तुझी खरी ताकद असते ती दुसऱ्या गेटवरचं काम. मंदीत ती सगळी गेट एकदम बंद होतात. तुझा अकरा वर्षांचा हात तसाच आहे, पण साहेबाला आता त्याची घाई नाही. अशा वेळी तुझ्याकडे कायदा आणि बाकीचे एकशेएकोणऐंशी जण, एवढंच उरतं. 2019 च्या ऑगस्टात तुमच्याच शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तू पाहिलं असशील. पाणी चढत असताना होडी मोडीत घालून येतील तेवढे पैसे घ्यावेत असं कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्याच वर्षी लॉकडाउन आला. 29 मार्च 2020 ला केंद्रानं आदेश काढला की बंद काळातही पूर्ण पगार द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि पुढे तो आदेश मागेही घेतला गेला. 12 जूनला न्यायालयानं सांगितलं की त्या दिवसांच्या पगाराबद्दल मालक आणि कामगारांनी आपापसात बोलून तोडगा काढावा, पगार दिला नाही म्हणून मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण पेपरात ते वाचून बराच वेळ गप्प बसले. बोलून तोडगा काढा. कुणी बोलायचं? जिथे युनियन होती तिथे टेबलाच्या पलीकडे बसायला माणसं होती. जिथे नव्हती, तिथे एकेका कामगारानं जाऊन साहेबाच्या केबिनचं दार वाजवायचं होतं. कितीजण वाजवू शकले असतील?

कपातीच्या यादीकडे येते. सुपरवायझर म्हणतो तशी ती निघेलही. एका विभागात माणसं कमी करायची तर सर्वसाधारणपणे शेवटी लागलेला आधी जातो, असा नियम आहे. क्रम मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. अकरा वर्षांची नोकरी असलेला तू मोल्डिंगमध्ये कितव्या नंबरवर आहेस? बहुधा बराच वर. म्हणजे सुपरवायझर तुला जे देऊ करतोय ते कायद्यानं तुझंच आहे. तुझं नाव ज्येष्ठता यादीत नीट लागलंय की नाही हे युनियनकडून आजच बघून घे. ही यादी लावायला मागणं, ती तपासणं, चुकलं तर हरकत घेणं, ही कामं एकट्यादुकट्याला झेपत नाहीत.

आणखी एक बदल झालाय, तो तुमच्यासारख्या कारखान्यांना थेट लागतो. पूर्वी 100 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कपात करायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. नव्या संहितेत हा आकडा 300 झाला. तुम्ही 180. म्हणजे जे कुंपण तुमच्याभोवती होतं ते आता नाही. नोटीस आणि भरपाई राहिली, पण 'कपात का करताय, दुसरा मार्ग नव्हता का' असं विचारणारा सरकारी माणूस आता मधे उभा नाही. तो प्रश्न तुमच्या युनियनलाच विचारावा लागणार. कायद्यानं एक पाऊल मागं घेतलंय आणि नेमक्या त्याच वेळी तुला कुणीतरी युनियन सोडायला सांगतंय, हे जरा जुळवून बघ.

दुसऱ्या युनियनचं कानावर आलंय म्हणतोस, तेही हलकं घेऊ नकोस. एकाहून जास्त युनियन असतील तेव्हा मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला असेल ती एकटी वाटाघाटीला बसते. कुणाकडेच 51 टक्के नसले तर निदान 20 टक्के असणाऱ्यांची मिळून परिषद होते. 180 चे 51 टक्के म्हणजे 92 माणसं. तुमची युनियन आज 95 वर असेल तर चौघांनी नाव काढलं की संपलं. मग त्यांनी 20 टक्के जमवले की टेबलाशी ऑफिसच्या मर्जीतले लोकही बसतील आणि कपातीच्या यादीवर तेही मान डोलावतील. सुपरवायझर तुझ्या एका नावासाठी एवढा खाली का आला, हे यातून कळतं. मालकानं आपली युनियन उभी करणं, किंवा अमुक युनियनमध्ये राहू नको म्हणून आमिष किंवा धमकी देणं, याला कायदा अनुचित कामगार प्रथा म्हणतो. सुपरवायझर जे बोलला ते तारीख, वेळ, जागा घालून वहीत लिहून ठेव. आज उपयोग नसेल. पुढे कधी लागलं तर तुझ्याजवळ नुसती आठवण नसेल.

करार सगळ्यांना लागू होतो का? नेहमीच नाही. सरकारच्या समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होतो, सभासद असो नसो. पण युनियन आणि व्यवस्थापन यांनी बाहेरच्या बाहेर आपापसात केलेला करार त्यात सामील असणाऱ्यांपुरताच असतो. मंदीत घाईघाईनं होणारे करार बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारचे असतात, मी असे कितीतरी टाइप केलेत. त्यांत खाली परिशिष्ट असायचं, सभासदांच्या नावांचं. परिशिष्टात नाव नाही म्हणून ऑफिसात येऊन रडणारी माणसं मी बघितलीत. आणि सगळ्यांना लागू होणारा करार असला, तरी तो करून आणायला कुणीतरी वर्गणी भरलेली असते. तुला फसवल्यासारखं वाटतंय असं तू स्वतःच लिहिलंस. ते वाटणं दाबू नकोस, ते बरोबर आहे.

एवढं बोलले म्हणजे युनियन म्हटलं की सगळं सोनं, असं नाही. हे लिहिलं नाही तर मी तुझ्याशी प्रामाणिक राहणार नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आपल्या आजरा-चंदगड-भुदरगडकडचे, शाहूवाडीकडचे किती होते! आमच्या गल्लीत एक कुटुंब लालबागची खोली सोडून परत आलं, ते कायमचं. मागण्या खऱ्या होत्या, कामगारांची जिद्दही खरी होती. पण ज्या मालकाचा माल गोदामात पडून आहे, त्याला संपाची भीती वाटत नाही, उलट पगार वाचतो. म्हणून तुमच्या सभेत कुणी तावातावानं 'उद्यापासून गेट बंद' म्हणायला लागला, तर तू उभा राहून विचार, आत्ता बंद करून कुणाचं नुकसान होणार? मंदीतल्या युनियननं संपाची भाषा कमी आणि वहीची भाषा जास्त बोलावी असं माझं मत आहे. किती दिवस काम आहे, ते सगळ्यांत पाळीपाळीनं कसं वाटायचं, ओव्हरटाइम काही खास माणसांनाच का जातो, ऑफिसच्या खर्चात कपात झाली का, ऑर्डरी परत आल्या की कोणाला आधी बोलावणार हे लेखी द्या. हे बोलणं टाळ्या घेत नाही, पण यातनं चुली पेटत्या राहतात.

आणि त्या हजार रुपयांचा हिशेब माग. वकील कोण, केस कसली, एकूण खर्च किती, पावती कुठाय. नोंदणीकृत युनियनच्या सभासदाला हिशेबाच्या वह्या बघायचा अधिकार असतो आणि युनियनला दरवर्षी निबंधकाकडे हिशेब पाठवावा लागतो. विचारलं म्हणून कुणी तुझ्यावर डोळे वटारले, तर त्या युनियनमध्ये काहीतरी दुखतंय. तरीही नाव काढू नकोस, सभेत जाऊन बोल. एकदम हजार जमत नसतील तर तसं सांग आणि दोनशेचे पाच हप्ते करून घे. यात लाज कसली? अर्ध्या लोकांची तीच अवस्था असणार, कुणीतरी पहिल्यांदा म्हणायची वाट बघत असतील.

कंत्राटी पोरांचं काय, हेही त्या सभेत विचार. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, आणि भट्टीवर परप्रांतातून आलेली पोरं असतील तुमच्याकडे. मंदी आली की पहिला फटका त्यांना बसतो, विनानोटीस, विनाभरपाई, आणि आपले लोक म्हणतात बरं झालं, आपलं वाचलं. वाचत नाही. काम परत आलं की तुझ्या जागी कायम माणूस घ्यायचा की त्यांच्यातलेच चार स्वस्तात आणायचे, हे ऑफिस ठरवणार. आपल्या कोल्हापुरात 1906 साली कापड गिरणीचा पाया घातला तो शाहू महाराजांनी. त्याच राजानं 1918 साली मुंबईत परळच्या सभेत जाऊन कामगारांना संघटना करायला सांगितलं. गिरणी उभारणारा माणूस ते सांगत होता. त्यानं संघटना म्हटली तेव्हा त्यात कायम आणि कंत्राटी अशा दोन पंगती मांडल्या नसतील.

सगळ्यात वाईट शक्यतेबद्दलही थोडं बोलायला हवं. कारखाना बंदच पडला तर? मोबाइलवर पीएफचं पासबुक आजच उघड आणि बघ, गेल्या पाच महिन्यांचे पैसे जमा झालेत का. तुझ्या पगारातून 12 टक्के कापले जातात आणि तेवढेच मालकानं घालायचे असतात. अडचणीतल्या कंपन्या कापतात आणि भरत नाहीत, हे मी पुष्कळ पाहिलंय. खंड दिसला तर युनियनला सांग, एकट्यानं ऑफिसात भांडायला जाऊ नकोस. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर कामगारांच्या आधीच्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीच्या निधीला तर वाटपात हातच लावता येत नाही. पण हे मागायला अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, तारखांना उभं राहावं लागतं. 2019 साली एका ज्यूट गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कामगारांच्या वतीनं युनियन असा अर्ज करू शकते, प्रत्येकानं वेगवेगळं यायची गरज नाही. तुझ्या एका माणसाच्या थकबाकीसाठी वेगळा वकील लावायचा विचार करून बघ, मग हजार रुपये कशाचे ते बायकोला वेगळं सांगावं लागणार नाही.

सुपरवायझरला काय सांगायचं? भांडू नकोस, त्याच्याशी रोज गाठ आहे. पुन्हा बोलला तर साधेपणानं म्हण, 'साहेब, तुमचा माझ्यावर जीव आहे हे मला माहीत आहे. यादीत माझं नाव नाही एवढं ऑफिसकडून लिहून आणा, मग मी घरात विचारतो.' तो लिहून आणणार नाही. त्यानंतर बहुधा हा विषय काढणारही नाही.

बायकोला एकदा युनियनच्या सभेला घेऊन जा. आमच्याकडे बायकांना अशा सभांना नेत नाहीत आणि मग घरी बसून त्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करतात. बारा हजारांत महिना ती चालवतेय. पाहिजे तर सभेत तिलाच विचारू दे, ऑर्डरी आल्या नाहीत तर तुम्ही आमच्यासाठी काय करणार म्हणून. त्या प्रश्नाचं उत्तर पुढाऱ्यांना सगळ्यांसमोर द्यावं लागलं तर ते तुमच्या सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

आणि घरचं बघू की मित्रांचं, असं विचारलंस. माझ्या वडिलांनी घरचंच बघितलं होतं. आईनं त्यांना कधी दोष दिला नाही, मीही देत नाही. पण शाळा सुटल्यावर मी उद्यमनगरातून यायची तेव्हा ते जुन्या कारखान्याच्या रस्त्यानं चालायचं टाळायचे, लांबून वळसा घेऊन घरी यायचे. परत आत गेलेले ते पाचजण गेटवर चहा पीत उभे असायचे आणि वडिलांना हाक मारायचे, म्हणून.

या महिन्याची पगाराची स्लिप हातात आली की त्या आठ दिवसांपुढे काय लिहिलंय ते बघ. तिचा फोटो काढून ठेव, एक प्रत युनियनला दे, आणि काय लिहिलंय ते मला कळव.

तुझी,
अक्का